लपेल तेवढं मोठं

"एकच घ्यायचंय. रेंजवर नेमबाजीला चाललं पाहिजे आणि कपड्यांखाली अंगावर बाळगताही आलं पाहिजे." डॅलसच्या उत्तरेला ज्या इनडोअर रेंजवर मी शिकवते, तिथे काउंटरवर आलेल्या नवीन माणसाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. मागणी रास्त आहे. बऱ्यापैकी पिस्तुलाला पाच-सहाशे डॉलर पडतात. वर होल्स्टर, जाड पट्टा, कुलपाची पेटी, गोळ्या. सुरुवातीलाच दोन पिस्तुलांचा खर्च कोण करणार? आणि खर्चाचं सोडा, नवख्याने पहिली काही वर्षं एकाच पिस्तुलावर हात बसवावा असं माझं ठाम मत आहे. पंचाईत एवढीच, की ही दोन कामं पिस्तुलाला विरुद्ध बाजूंना ओढतात, आणि काचेच्या काउंटरशी उभं राहून ते कळत नाही.

मी मूळची कोल्हापूरची. कॉलेजात एनसीसीमुळे .22 रायफल हातात आली आणि पुढे एअर पिस्तूल. नेमबाज तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांच्या गावात वाढलेल्या मुलीला नेमबाजी म्हणजे खेळ, हे वेगळं सांगावं लागत नाही. त्या खेळातलं पिस्तूल कसं असतं पाहा. एक हात लांब करून धरायचं, दुसरा हात लावायचा नाही. मूठ तळहाताच्या आकारात कोरलेली. 10 मीटरच्या एअर पिस्तुलाला नियमाने चापावर निदान 500 ग्रॅम ओढ लागते, 25 मीटरच्या .22 पिस्तुलाला 1000 ग्रॅम. नेमबाज त्या किमान आकड्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जातात. चाप सुटताना नेम हलू नये, यासाठी सगळी रचना.

अंगावर बाळगायचं पिस्तूल त्याच्या उलट. ते पोटाशी किंवा कमरेशी दिवसभर भरलेलं असणार, म्हणून चाप मुद्दाम जड. ग्लॉकचा साधारण अडीच किलोचा. लपायला हवं म्हणून मूठ आखूड, नळी आखूड, वजन कमी. यातली प्रत्येक सोय नेमबाजीत अडचण होऊन येते. पुढची माशी आणि मागची खाच यांतलं अंतर 15 सेंटिमीटर असेल आणि माशी अर्धा मिलिमीटर सरकली, तर 15 यार्डांवर गोळी साडेचार सेंटिमीटर बाजूला पडते. तेच अंतर 10 सेंटिमीटर असेल तर तेवढ्याच चुकीला गोळी जवळजवळ सात सेंटिमीटर जाते. माणूस तोच, चूक तीच. शिवाय धक्का. सीझेडचं शॅडो 2 हे स्पर्धेचं पिस्तूल रिकामंच सव्वा किलोहून जड असतं. त्यातून 9 मिलिमीटरची गोळी सुटली की मनगटाला जेमतेम कळतं. तीच गोळी अर्ध्या किलोच्या पिस्तुलातून सुटली की नळी वर उसळते, आणि पुन्हा माशी खाचेत आणायला वेळ जातो.

काउंटरवर मात्र यातलं काहीच जाणवत नाही. तिथे गिऱ्हाईक पिस्तूल हातात घेतं, वजनाचा अंदाज घेतं आणि म्हणतं, "किती हलकं आहे!" हलकं असणं हा तिथे निव्वळ गुण वाटतो. रूगरचं एलसीपी पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास, पँटच्या खिशात बसतं. विकत घेताना सगळ्यांना आवडतं. रेंजवर दुसऱ्यांदा घेऊन येणारे मी फार थोडे पाहिले.

एक उदाहरण सविस्तर सांगते. आमच्या मराठी मंडळाच्या ओळखीतली एक फार्मासिस्ट माझ्याकडे शिकायला आली. ती काम करायची ते दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं असे आणि पार्किंगमधून एकटीला गाडीपर्यंत जावं लागे. नवऱ्याने प्रेमाने आधीच खरेदी करून ठेवली होती: .38 स्पेशलचं पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर, वजन चारशे ग्रॅमच्या थोडंसं वर. "ताई, हे म्हणे बायकांसाठी सगळ्यांत सोपं," ती म्हणाली. हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलं आहे, की दुकानदारांनी ते सांगणं बंद करावं असं मला मनापासून वाटतं. घोडा आत दडलेल्या अशा रिव्हॉल्व्हरचा चाप दर गोळीला पाच किलोच्या घरातली ओढ मागतो. नळी दोन इंचांहून कमी. मूठ एवढीशी, की करंगळी हवेत राहते. चालवायला हे अनुभवी माणसाचं हत्यार आहे.

पहिल्या पाच गोळ्या तिने धीराने उडवल्या. दुसऱ्या खेपेला तिचे खांदे कानांपर्यंत गेले होते. तिसऱ्या खेपेला मी रिव्हॉल्व्हर तिच्याकडून घेऊन भरलं, तिची नजर टार्गेटकडे ठेवून: दोन घरांत जिवंत गोळ्या, तीन घरांत उडालेल्या रिकाम्या पुंगळ्या. कुठल्या घरात काय आहे ते तिला माहीत नव्हतं. तिने नेम धरला, चाप ओढला. नुसतं 'टक्' झालं, बार उडालाच नाही. पण नळी तीन बोटं खाली गेली आणि डोळे मिटले गेले. तिच्या ते लक्षात आलं. मला काही बोलावंच लागलं नाही. अजून न आलेल्या धक्क्याला हात आधीच विरोध करत होता, आणि गोळी कागदाच्या खालच्या कडेला का लागत होती याचं उत्तर तिला स्वतःच्याच मनगटात मिळालं. हा सराव मी सगळ्यांकडून करून घेते. पोलिसात नोकरी केलेल्यांकडूनही.

मग मी तिला .22 चं पिस्तूल दिलं. धक्का नाही, आवाज कमी, गोळ्या स्वस्त. पाऊण तासात खांदे खाली आले. त्यानंतर ग्लॉक 19: नळी 102 मिलिमीटर, मॅगझीनमध्ये 15 गोळ्या, 1988 पासून बाजारात असलेलं, मध्यम बांध्याचं पिस्तूल. स्लाइड मागे ओढता येणार नाही अशी तिला खात्री होती. चिमटीत धरून खेचलं तर बऱ्याच पुरुषांनाही येत नाही. डाव्या हाताचा पूर्ण पंजा स्लाइडवर घट्ट बसवायचा, पिस्तूल छातीजवळ आणायचं आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची; ताकद खांद्यातून येते. तिसऱ्या प्रयत्नाला स्लाइड सरकली. ज्यांचे सांधे खरोखर दुखतात त्यांच्यासाठी स्मिथ अँड वेसनच्या शील्ड ईझीसारखी, मऊ स्प्रिंगची पिस्तुलं आहेतच. त्या दिवशी सात यार्डांवर तिच्या शेवटच्या दहा गोळ्या नाश्त्याच्या ताटलीएवढ्या जागेत बसल्या.

शेवटच्या दहा गोळ्या, हे माझं माप. भाड्याने दोन-तीन पिस्तुलं घ्या, प्रत्येकातून 50 गोळ्यांचं एक खोकं हळूहळू संपवा. पहिल्या दहांकडे बघू नका. तेव्हा उत्साह असतो आणि हात ताजा असतो. शेवटच्या दहा वेगळ्या कागदावर मारा. हात दमल्यावर, आवाजाचा कंटाळा आल्यावर ज्या पिस्तुलाने तुम्हाला सावरून घेतलं ते तुमचं. आणि मनाला विचारा, की पुढच्या महिन्यात हेच घेऊन पुन्हा यावंसं वाटेल का? अंगावर बाळगायचं हत्यार सरावाशिवाय कपाटात पडलं असेल, तर ते बाळगण्याचा अधिकार कायद्याने दिला तरी मी देणार नाही.

म्हणून माझा सल्ला ठरलेला आहे: मिळेल तेवढं लहान घेऊ नका, तुमच्या कपड्यांखाली लपेल तेवढं मोठं घ्या. याला एक पोटनियम आहे आणि तो ऐकून लोकांना नवल वाटतं. कपड्यांतून उठून दिसते ती मूठ. नळी पँटच्या आत खाली जाते. ती दोन सेंटिमीटर लांब असली म्हणून बाहेर कळत नाही. उलट पोटाशी ठेवलेल्या पिस्तुलात थोडी लांब नळी मुठीला शरीराशी दाबून धरते. लोक मात्र आखूड नळी शोधत येतात, म्हणजे नेमबाजीतलं गमावतात आणि लपण्यातही फारसं कमावत नाहीत. तिन्ही बोटं मावतील तेवढी मूठ आणि त्यामानाने लांब नळी, असा मेळ बसला की एका पिस्तुलात दोन्ही कामं निभतात. 2018 मध्ये सिग सॉअरचं पी365 आलं आणि त्याने एवढ्याशा मुठीत दहा गोळ्या बसवल्या. त्याचाच थोडा वाढवलेला एक्सएल हा प्रकार, ग्लॉक 43एक्स, स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस, ही सगळी त्या मधल्या पट्ट्यातली. लहान हातांना ग्लॉक 19 ची जाड मूठ पुरी वेढता येत नसेल, तर यांपैकी एक घ्यावं. ज्याची शरीरयष्टी आणि कपडे परवानगी देतात, त्याने ग्लॉक 19 च्या पुढे जाऊन दुसरं शोधू नये.

गोळीच्या मापावर तासन्‌तास वाद घालणारे लोक रोज भेटतात. मी त्यात वेळ घालवत नाही. 1986 मध्ये मायामीत दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीनंतर एफबीआय मोठ्या मापाच्या गोळीकडे वळली आणि गेल्या दशकाच्या मध्याला परत 9 मिलिमीटरवर आली. आताच्या हॉलो पॉइंट, म्हणजे टोक पोकळ असलेल्या, गोळ्या सुधारल्यात आणि कमी धक्क्यामुळे माणसं नेम नीट धरतात, हे त्यामागचं कारण. भारतातून आलेल्या पाहुण्यांना 9 मिलिमीटर ऐकून धक्का बसतो, कारण तिकडे ते माप नागरिकांना वर्ज्य आणि परवाना असला तरी बहुधा .32 च्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर भागवावं लागतं. इथे बाळगायच्या मापांमध्ये 9 मिलिमीटर सगळ्यांत स्वस्त सरावाची गोळी आहे, आणि माझ्यासाठी तेवढं कारण पुरेसं आहे. सरावाला साधी तांब्याच्या वेष्टणाची गोळी, बाळगायला हॉलो पॉइंट. पण बाळगायची गोळी तुमच्या पिस्तुलातून न अडकता चालते ना, हे दोन-तीन खोकी उडवून पाहिल्याशिवाय घरी नेऊ नका. ती महाग असते म्हणून लोक हे टाळतात. टाळू नये.

होल्स्टर आणि पट्टा यांचं महत्त्व मी पिस्तुलाइतकंच मानते. होल्स्टर कडक हवं, चाप पूर्ण झाकणारं हवं, आणि पिस्तूल काढून घेतल्यावर त्याचं तोंड मिटता कामा नये. परत घालताना घाई करायची नाही: सदरा बाजूला, नजर होल्स्टरमध्ये, बोट चापापासून दूर. कपड्याची सुरकुती चापात शिरून पिस्तूल उडाल्याची उदाहरणं आहेत. आपल्या बायकांपुढे अडचण आणखी एक. लेगिंग्जला पट्टा नसतो. कुर्ती पिस्तूल छान लपवते, अगदी ग्लॉक 19 सुद्धा, पण गरजेला ती लांब कुर्ती डाव्या हाताने छातीपर्यंत ओढून धरावी लागते; अर्धी ओढली तर कापड मुठीत येतं. रिकाम्या पिस्तुलाने, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, घरी आरशासमोर हे करून पाहायला मी सांगते. बहुतेक जणी आठवड्याभरात कुर्तीची लांबी किंवा बाळगण्याची जागा बदलतात.

आणि पर्स नको. हे मी हात जोडून सांगते. 2014 च्या डिसेंबरात आयडाहोमध्ये एका दुकानात खरेदी करत असताना दोन वर्षांच्या मुलाचा हात आईच्या पर्समधल्या पिस्तुलापर्यंत गेला, गोळी सुटली आणि ती आई तिथेच गेली. पिस्तुलासाठी वेगळा कप्पा असलेलीच पर्स होती ती. पर्स आपण खुर्चीवर ठेवतो, ट्रॉलीत ठेवतो, मैत्रिणीकडे देतो. अंगावर बाळगायचं म्हणजे अंगावर.

टेक्ससमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. तरीही परवान्याचा वर्ग करा म्हणून मी आग्रह धरते. दुसऱ्या अनेक राज्यांत तो परवाना चालतो हा एक फायदा. खरा फायदा वर्गातल्या त्या चार-सहा तासांचा: बळ केव्हा वापरता येतं, भांडणातून पाय कसा काढायचा, पिस्तूल घरात कसं ठेवायचं, कुठल्या पाटीपुढे परत फिरायचं. दारूवर निम्म्याहून जास्त कमाई असलेल्या ठिकाणी 51% ची लाल पाटी असते. आत पिस्तूल नेणं गुन्हा. शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा 50 गोळ्यांची: 3 यार्डांवर 20, 7 यार्डांवर 20, 15 यार्डांवर 10. एकूण 250 गुण, पास व्हायला 175. ही परीक्षा अवघड नाही, आणि ती पास झाली म्हणजे नेमबाजी आली असंही कोणी समजू नये.

आपल्या लोकांच्या बाबतीत मी फोनवरच विचारून घेते, व्हिसा कुठला? एच-1बी किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने पिस्तूल घेणं तर सोडाच, हाताळणंही सर्वसाधारणपणे मना आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत आणि ते वकिलाला विचारूनच वापरावेत. ग्रीन कार्ड झालं की गोष्ट वेगळी. "नुसतं एकदा उडवून बघतो की," असं हौसेने म्हणणाऱ्या तरुण मुलांना मी नाही म्हणते. दहा मिनिटांच्या हौसेपायी इमिग्रेशनचं प्रकरण अंगाशी यावं, असं त्यांचं वय नसतं.

काही वेळा नकार याहून अवघड असतो. एक गृहस्थ शेजाऱ्याशी चाललेल्या कुंपणाच्या भांडणाबद्दल पाच मिनिटं बोलले आणि मग म्हणाले, आता एखादं छोटंसं घ्यावं म्हणतो. मी त्यांना शिकवलं नाही. काउंटरवरच्या सहकाऱ्यालाही सांगितलं आणि त्याने ऐकलं. दुसरा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते: घरात कोण कोण आहे आणि सध्या कोणाचं मन कसं आहे? अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. आपल्या घरांमध्ये नैराश्याबद्दल बोलत नाहीत. परीक्षेत मागे पडलेला मुलगा, नोकरी गेलेला भाऊ, एकटी पडलेली आई, सगळं "ठीक आहे" याखाली झाकलेलं असतं. अशा घरात पिस्तूल आणू नये. आधीच आलेलं असेल तर काही महिने घराबाहेर ठेवण्याची सोय करावी. त्यासाठी कोणापुढे लाजायचं कारण नाही. ज्या घरी ते राहतं तिथे बोटांनी आकडे दाबून उघडणारी, भिंतीला किंवा पलंगाला बोल्टने पक्की केलेली पेटी असलीच पाहिजे. अंगावर नसेल तेव्हा ते पेटीत असेल. तिसरी जागा नाही. उशीखाली नाही, गाडीच्या कप्प्यात नाही.

त्या फार्मासिस्टने शेवटी ग्लॉक 19 घेतलं नाही. मूठ तिला जाड पडत होती, आणि बाराव्या-पंधराव्या गोळीनंतर अंगठ्याची पकड सुटत होती. तिने पी365 एक्सएल घेतलं: नळी 94 मिलिमीटर, वजन सहाशे ग्रॅमच्या आत, मॅगझीनमध्ये 12 गोळ्या. तिच्या शेवटच्या दहा गोळ्यांचा कागद ग्लॉकपेक्षा किंचित पसरट होता. पण तो कागद तिने न कुरकुरता भरला होता आणि लगेच दुसरं खोकं मागितलं होतं. परवान्याची परीक्षा ती आरामात पास झाली. तिच्या कंपनीत कर्मचाऱ्यांनी कामावर हत्यार आणायचं नाही असा नियम आहे. त्यामुळे ज्या पार्किंगसाठी ती शिकायला आली, तिथे ते पिस्तूल तिच्याजवळ नसतंच. तिने व्यवस्थापकाकडे लेखी मागणी करून पार्किंगचे बंद पडलेले दिवे लावून घेतले, आणि दुकान बंद करताना दोघांनी मिळून बाहेर पडायचं हेही ठरवून घेतलं. ते रिव्हॉल्व्हर नवऱ्याने विकून टाकलं आणि त्या पैशांतून पेटी आणली.

अंगावर बाळगायचं की नाही हे तिचं अजून ठरलेलं नाही. मीही घाई करत नाही. महिन्यातून एकदा शनिवारी सकाळी ती येते, गर्दी व्हायच्या आत. तीन आणि सात यार्डांवर आता सांगण्यासारखं काही उरलं नाही. 15 यार्डांवर गोळ्या अजून डावीकडे खाली पडतात, कारण चाप ओढताना उजव्या हाताची उरलेली बोटंही सोबत आवळली जातात. पुढच्या वेळी नुसत्या डाव्या हाताची पकड घट्ट आणि उजवी सैल ठेवून सुरुवात करायची, असं आमचं ठरलं आहे.